मेथीची जुडी आणि मेथेनॉलचा टँकर

"आई, हे मेथीपासून करतात का गं?"

कळंबोलीच्या पुलाजवळ आमची रिक्षा अडकली होती. पुढे एक लांबलचक टँकर. त्याच्या पाठीवर इंग्रजीत 'मेथेनॉल' लिहिलेलं, खाली ज्वाळेचं चित्र आणि १२३० असा आकडा. चौथीतल्या आमच्या चिरंजीवांनी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि हा प्रश्न टाकला. त्यांचंही काही चुकलं नाही म्हणा, कारण माझ्या मांडीवर पनवेलच्या बाजारातून घेतलेली मेथीची भली मोठी जुडी होती.

मी हसले. हसले खरी, पण बरोबर उत्तर मला तरी कुठे येत होतं? मी बी.ए., तेही मराठी आणि इतिहास घेऊन. सकाळचे तीन तास शाळेत शिकवते, उरलेला दिवस घर. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर तुटला आणि तुटला तेव्हा आम्हा दोघांनाही हायसं वाटलं असावं!

पण आम्हा खांदेश्वरकरांना रसायनांपासून सुटका कुठली? एका अंगाला देऊळ आणि तळं, दुसऱ्या अंगाला महामार्ग. संध्याकाळी तळ्यावर बसलं की देवळातली घंटा ऐकू येते आणि पलीकडून टँकरचे भोंगे. इकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत, तिकडे पनवेलच्या पुढे रसायनी. गावाचं नावच रसायनी! रात्री वारा फिरला की कसलासा वास येतो आणि आपण मुकाट्यानं उठून खिडक्या लावतो. कशाचा वास, हे कुणी विचारत नाही.

माझे सासरे, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, त्याच भागातल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. नातवाचा प्रश्न त्यांच्या कानावर घातला तर स्वारी एकदम खुलली. मेथीचा काही संबंध नाही, म्हणाले. ग्रीक भाषेतल्या 'मद्य' आणि 'लाकूड' या दोन शब्दांवरून हे नाव आलं. पूर्वी बंद भांड्यात लाकूड तापवून त्याची वाफ थंड करायचे आणि त्यातून हे निघायचं. १६६१ साली रॉबर्ट बॉइलनं ते वेगळं काढलं. ते नेमकं काय आहे हे १८३४ साली द्युमा आणि पेलिगो या फ्रेंच जोडीनं ठरवलं. १९२३ पासून जर्मनीत लॉयनाला ते कारखान्यात मोठ्या प्रमाणावर होऊ लागलं आणि लाकडाची गरज संपली. आता ते नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून करतात. आपल्याकडे बरंचसं बाहेरून जहाजानं येतं. आणि टँकरवरचा १२३० म्हणजे जगभर मेथेनॉलचा ठरलेला क्रमांक. अपघात झाला तर अग्निशमनवाल्यांना दुरूनच कळावं म्हणून. त्याची ज्वाळा दिवसाउजेडी धड दिसतसुद्धा नाही.

हे सगळं त्या दिवसापुरतं विसरूनही गेले असते. पण त्याच आठवड्यात साताऱ्याहून वन्संचा फोन आला.

वन्संची मुलगी, आमची भाची, पुण्यात रसायनशास्त्रात संशोधन करते. सुट्टीत चार दिवस आमच्याकडे येणार होती. वन्सं म्हणाल्या, "तुझं ती ऐकते. तिला जरा समजाव. कसलंसं मेथेनॉल घेऊन बसते दिवसभर. मी वाचलंय, ते मुंबईत दारूतून गेलं आणि माणसं मेली. म्हणे ते बंद नळीत घालून तापवतात. ही पोरगी कुकरमध्ये विष शिजवतेय, आणि आम्ही इथे स्थळं बघतोय!"

त्या म्हणतात त्यात खोटं काहीच नव्हतं. २०१५ च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली होती, ती या मेथेनॉलनंच. मी वन्संना 'बघते' म्हटलं. मनात म्हटलं, खरंच सांगावं हिला, दुसरा विषय घे म्हणून. विषयांना काय तोटा आहे?

भाची आली ती थेट स्वयंपाकघरात. मी कणीक भिजवत होते, ओट्याच्या टोकाला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भांडी घासत होत्या. मी आडवळणानं विषय काढला. तर ती म्हणाली, "मामी, तुझं अर्धं स्वयंपाकघर मेथेनॉलचं आहे, आणि मला कशाला भितेस?"

आणि बोट दाखवत सुटली. कुकरची काळी मूठ: बेकेलाइट, म्हणजे फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड, बेकलंड नावाच्या गृहस्थानं १९०७ साली केलेलं. पाहुण्यांसाठी जपलेल्या मेलामाइनच्या ताटल्या: त्यातही फॉर्मल्डिहाइड. ओट्याखालच्या कपाटाचा प्लायवुड, त्याला चिकटवणारी खळ, वरचा सनमायका: पुन्हा तेच. आणि हे फॉर्मल्डिहाइड येतं मेथेनॉलपासून. अप्पा दारातूनच म्हणाले, "चांदीवरून!" मेथेनॉलची वाफ आणि हवा तापून लाल झालेल्या चांदीवरून नेतात, सहाशे अंशांच्या आसपास. चांदी काही खर्चत नाही, काम मात्र तिच्याशिवाय होत नाही. रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स हा १९६० साली स्थापन झालेला सरकारी कारखाना होता, तिथंही फॉर्मल्डिहाइड होत असे. २०१७ साली केंद्र सरकारनं रसायनीचं उत्पादन बंद करायचं ठरवलं. अप्पा तेवढं सांगून गप्प झाले. त्या भागातल्या माणसाला तो विषय निघाला की असं होतं.

भाचीनं फळीवरची व्हिनेगरची बाटली उचलली. 'सिंथेटिक' असं तिच्यावर लिहिलेलंच होतं. असं व्हिनेगर ज्या ॲसेटिक आम्लाचं करतात, ते आता जगात बरंचसं मेथेनॉलमध्ये कार्बन मोनॉक्साइड जोडून बनतं. मोन्सँटो कंपनीनं १९७० च्या सुमारास ऱ्होडियम धातू वापरून ती पद्धत आणली. मी इतकी वर्षं चायनीज भातात व्हिनेगर घालतेय, पण बाटलीवरचा तो शब्द कधी वाचला नव्हता!

"पण तू काय करतेस ते सांग," मी म्हटलं. "ताटल्या तर करत नाहीस ना?"

तेव्हा तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. कणीक मळायची म्हणून मी अंगठी काढून ओट्यावर ठेवली होती. ती उचलून तिनं स्वतःच्या बोटात घातली आणि म्हणाली, "हेच करते."

आता तिनं सांगितलं ते मला जसं कळलं तसं सांगते. मेथेनॉलमध्ये कार्बन एकच. म्हणजे एका विटेचं घर. औषधाच्या मोठ्या रेणूला अशी एकच वीट जोडायची झाली तर मेथेनॉल स्वस्त आणि सोयीचं. पण स्वभावानं ते भारी संतुष्ट, आपणहून कुणाशी जुळत नाही. मग धातूचा एक उत्प्रेरक घालायचा, म्हणजे काम घडवून आणणारा पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ. (मी लगेच म्हटलं, "विरजणासारखं!" तर म्हणे नाही, विरजण स्वतःच दही होऊन बसतं, उत्प्रेरक बाजूला राहतो. आमच्या आत्याबाईंसारखा म्हणायचा, सगळ्यांची लग्नं जमवून दिली आणि अक्षता टाकून झाल्या की पुढच्या घरी.)

हा उत्प्रेरक मेथेनॉलचे दोन हायड्रोजन काढून आपल्याजवळ ठेवतो. मी अंगठी काढून तिच्याकडे दिली तसे. हायड्रोजन गेले की मेथेनॉलचं होतं फॉर्मल्डिहाइड. ते मात्र फार चिकट स्वभावाचं. हात मोकळे झाले की लगेच समोरच्या रेणूला धरतं. त्या धरपकडीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. मग उत्प्रेरक ठेवायला दिलेले ते दोन हायड्रोजन त्या जोडीला परत करतो. अंगठी बोटात, कणीक मळून तयार. औषधाच्या रेणूला एक कार्बन, त्याच्या तीन हायड्रोजनांसकट, कायमचा जोडला गेला, आणि कचरा म्हणावा तर नुसतं पाणी. शास्त्रज्ञ या पद्धतीला उसनवारीच म्हणतात, हायड्रोजनची उसनवारी. मला ते नाव फार आवडलं. वाटीभर साखर नेली आणि पगार झाल्यावर परत दिली, असला चोख व्यवहार.

"एवढ्या एका विटेनं काय मोठं होतं?" मी विचारलं.

"तू सकाळी चहा कशासाठी पितेस?" कोकोमधलं थिओब्रोमिन आणि चहातलं कॅफिन यांत फरक असतो तो एवढ्या एका विटेचा. मॉर्फिन आणि खोकल्यावरचं कोडीन यांतही तेवढाच. एक वीट इकडची तिकडे झाली की औषध जास्त वेळ टिकतं, किंवा नको तिथं जायचं थांबतं. म्हणून औषधवाल्यांना ती हवी असते. पूर्वीपासून ती जोडायला डायमेथिल सल्फेट, मेथिल आयोडाइड असले पदार्थ वापरतात. ते भयंकर विषारी, आणि मागे क्षारांचा कचरा उरतो तो वेगळाच. मेथेनॉल त्यांच्यापुढे गरीब गाय. १९८१ साली ग्रिग आणि जपानचे वातानाबे यांनी वेगवेगळं काम करून अल्कोहोलांच्या उसनवारीची वाट दाखवली. तेव्हा महागडे धातू लागत. आता लोखंड, मँगनीज यांवरही भागतं का हे जगभर बघतात, आणि आमची भाची त्यातलाच एक खारीचा वाटा उचलते. अडचण एवढीच की या अल्कोहोलांच्या घराण्यात मेथेनॉल सगळ्यांत हट्टी. हायड्रोजन सहजासहजी सोडत नाही. म्हणून बंद नळीत चांगलं शंभर अंशांच्या वर तापवायचं. वन्संचा कुकर तो हाच!

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर मेथेनॉलपासून डीएमई नावाचा वायू केला आहे, आपल्या सिलिंडरच्या गॅसमध्ये मिसळता येईल असा. तो विषय अप्पांच्या आवडीचा, पण त्यावर पुन्हा केव्हातरी.

इतका वेळ नळाचा आवाज चालू होता. तो थांबला. मावशींनी हात पदराला पुसले आणि भाचीला विचारलं, "ताई, ह्यानंच आमच्या दादाचे डोळे गेले ना?"

मला माहीत होतं आणि तरी मी विसरले होते. मावशींचा भाऊ तेव्हा मालवणीत राहायचा. तो वाचला. पण त्या जूनपासून त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मावशी दर महिन्याला त्याच्यासाठी पैसे पाठवतात, हे त्यांनी मला आगाऊ पगार मागताना एकदा सांगितलं होतं. आणि मी त्यांच्यासमोर तासभर मेथेनॉलची थोरवी ऐकत बसले होते.

भाची गोंधळली, पण तिनं टाळलं नाही. माझी अंगठी अजून तिच्या बोटात होती. ती म्हणाली, "हो मावशी, ह्यानंच." आणि तिनं त्यांना जे सांगितलं त्यात एकही अवघड शब्द नव्हता. मेथेनॉल पोटात गेलं की आपलं यकृत त्याचे हायड्रोजन काढून घेतं. म्हणजे मी नळीत करते तेच. त्याचं फॉर्मल्डिहाइड होतं. इथपर्यंत दोन्हीकडे सारखंच. पण नळीत मी त्याला धरायला समोर कुणीतरी ठेवलेलं असतं आणि काढलेले हायड्रोजन परत देते. शरीरात ते कुणी परत देत नाही. फॉर्मल्डिहाइड पुढे जाऊन फॉर्मिक आम्ल होतं, लाल मुंगी चावल्यावर आग होते ना, त्यातलं. ते साचत जातं, पेशींची चूल विझवतं, आणि डोळ्यांची नस त्यात फार लवकर जाते.

मावशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे घेतलं, पण परत दिलं नाही."

"तसंच," भाची म्हणाली.

"आणि आता देऊन?"

"आता नाही उपयोग, मावशी."

मावशींनी मान हलवली आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या. त्यांच्या दादाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरीच झोपवून ठेवलं होतं, असं त्या पाठमोऱ्याच सांगू लागल्या. रात्री बरा होता. सकाळी डोकं धरून बसला, म्हणाला सगळं धुक्यासारखं दिसतंय. घरच्यांना वाटलं उतरेल हळूहळू.

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण इथंच घात होतो. हे विष लगेच बोलत नाही. बारा तास, कधी चोवीस तास माणूस बरा वाटतो, कारण आम्ल साचायला वेळ लागतो. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात न्यायचं. तिथं फोमेपिझोल नावाचं औषध देतात, किंवा ते नसलं तर चक्क साधं अल्कोहोल, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. यकृताला मेथेनॉलपेक्षा ते जास्त पसंत पडतं, म्हणून ते त्याच्या मागे लागतं आणि मेथेनॉल तसंच बाहेर पडून जातं. हे घरी करून बघायचं काम नव्हे. डायलिसिसही लागू शकतं. आणि आपल्या घरातलं म्हणाल तर रंगारी ठेवून जातो तो थिनर, पॉलिशवाल्याचं स्पिरिट, यांत मेथेनॉल असू शकतं. ते पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून माळ्यावर ठेवायची आपली सवय आहे ना, ती सोडा. माझ्याकडे अशा दोन बाटल्या निघाल्या. एकीवर चक्क सरबताचं लेबल होतं.

भाचीनं मग अंगठी काढून मला दिली आणि मेथी निवडायला बसली. निवडता निवडता म्हणाली, "तुझ्या लेकाचा प्रश्न मात्र वेडा नव्हता हं मामी."

त्याचं कारण असं. एका कार्बनची ही देवघेव आपल्या शरीरातही अहोरात्र चालते. नवी पेशी करायची तर नवा आराखडा लिहावा लागतो, त्याला एकेका कार्बनच्या विटा लागतात, आणि त्या हातोहात पोचवण्याचं काम करतं फोलेट. गरोदरपणी डॉक्टर फॉलिक ॲसिडची गोळी देतात ती यासाठी. बाळाच्या मणक्याला, मेंदूला त्या दिवसांत विटा कमी पडू नयेत. मी ती गोळी दोन वेळा महिनोन् महिने घेतली आणि 'रक्ताची गोळी' एवढंच समजत होते. फॉर्मिक आम्लसुद्धा शरीरातून निकालात निघतं ते या फोलेटच्या मदतीनं. म्हणून मेथेनॉल पोटात गेलेल्या रुग्णाला रुग्णालयात फोलेटचाच एक प्रकार टोचतात. उंदरांच्या यकृतात ते भरपूर, म्हणून उंदराला मेथेनॉल आपल्याइतकं बाधत नाही. देवानं उंदराला दिलं आणि आपल्याला हात आखडता घेतला!

आणि या फोलेटचा माग लागला तो आपल्या मुंबईत. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई इथं आल्या. गिरण्यांतल्या गरोदर बायका पंडुरोगानं खंगत होत्या, लोह देऊनही काहींना गुण येत नव्हता, मरणंही होत होती. डॉक्टर मार्गारेट बाल्फोर यांनी विल्सबाईंना त्या कामी बोलावलं. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केलं. त्या बायका काय खातात याची त्यांनी चौकशी केली आणि आहारातच काहीतरी कमी आहे असं धरून चालल्या. उंदरांवर, माकडांवर प्रयोग झाले, आणि गुण आला तो मार्माइटनं, म्हणजे यीस्टच्या स्वस्त काळ्या अर्कानं. १९३१ साली त्यांनी ते छापून जाहीर केलं. त्यातला गुणकारी पदार्थ कोणता हे तेव्हा कळलं नव्हतं, त्याला नुसतंच 'विल्सबाईंचा घटक' म्हणत. पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून तोच पदार्थ काढला आणि लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याला फॉलिक हे नाव मिळालं. इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या मला गिरण्यांचे संप सनावळीसकट पाठ आहेत, पण हे नाव एकाही पुस्तकात भेटलं नव्हतं.

पालकात फोलेट असतं, डाळींत असतं, आणि मेथीतही असतं. फार शिजवलं तर उडतं, हे भाचीनं माझ्या कढईकडे बघत ऐकवलं.

रात्री वन्संना फोन केला. समजावायला गेले होते ती समजून आले, हे कबूल केलं. अंगठीचं सांगितलं, मुंबईच्या गिरणीतल्या बायकांचं सांगितलं. मावशींचंही सांगितलं, ते लपवलं असतं तर बाकीचं खोटं वाटलं असतं. ती हवा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात काम करते, चष्मा लावते, हेही सांगितलं. वन्सं बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हातमोजे देतात ना गं तिला? नाहीतर मी इथून पाठवते." स्थळांचं काही बोलल्या नाहीत. दिवाळीपर्यंत तरी तो विषय निघणार नाही असं मला वाटतं, पण वन्संचं काही सांगता येत नाही.

मावशींना त्या दिवशी निघायला उशीर झाला होता. भाचीनं निवडलेल्या मेथीतली अर्धी मी त्यांच्या पिशवीत घातली. त्यांनी पिशवीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या नाही येणार मी. दादाकडे जाऊन येते."